पळसफुलांचे पाणी

(ग्रंथालयाच्या शताब्दी सोहळ्यात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, असे मराठी माणूस म्हणतो. झाडाचे पान सर्वत्र सारखे असले, तरी त्या झाडाशी जडलेला माणसाचा व्यवहार मात्र गावोगावी निराळा असतो. पांढुर्णा आणि सौंसर या परिसरात तो विशेष जिव्हाळ्याचा आहे. येथील बोलीत 'ळ'चा 'य' होतो आणि पळसाचा 'पयस' होतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर हा मराठीभाषक मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. सीमा आणि नावे बदलली, परंतु बोली आणि पळस जागचे हलले नाहीत.

बाहेरच्या जगाला येथील पळस ठाऊक आहे तो गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि तो हस्तगत करण्यासाठी पांढुर्णा व सावरगाव या दोन तीरांवरून दगडांचा वर्षाव होतो. अनेक जण जखमी होतात; काहींनी प्राणही गमावले आहेत. वृत्तपत्रे या एका दिवसाची वार्ता देतात आणि पळसाचे नाव रक्ताशी जोडले जाते. त्या वेळी झाडावर फूल नसते, केवळ पाने असतात. फूल येते ते शिशिर सरता सरता, पाने गळून गेल्यावर. त्या फुलाचा जो सौम्य, घरगुती विधी आहे, त्याची वार्ता कोणी देत नाही. आजचा विषय तोच आहे.

फाल्गुनात रान पेटल्यासारखे दिसू लागले की फुले वेचण्याचे काम बायका आणि मुले करीत. रस्त्याकडेची धुळकटलेली फुले टाळावयाची, कीड लागलेली टाकून द्यावयाची. फुलाचा देठाकडील काळसर, मखमली पेला काढून केशरी पाकळ्या निराळ्या करावयाच्या आणि त्या सावलीत वाळवावयाच्या. कडक उन्हात रंग उडतो, हे अनुभवाने ठाऊक झालेले असे.

पुढे वाटा दोन होतात. अंगावर घेण्याच्या पाण्यासाठी फुले घंगाळात रात्रभर भिजवीत अथवा उकळीत. धुळवडीला होळीच्या विस्तवावर पाणी तापवून स्नान करण्याची चाल महाराष्ट्रातही जुनी आहे. पळसफुलांच्या पाण्याने मुलांना न्हाऊ घातले की पुढचा उन्हाळा बाधत नाही, ही त्यामागची श्रद्धा. वस्त्रे रंगवावयाची असल्यास चिमूटभर चुना घालीत, म्हणजे पिवळा रंग केशरी होतो. आणि तुरटी घालीत, म्हणजे तो कापडास धरतो. आज रसायनशास्त्र सांगते की फुलातील ब्युट्रिन हे द्रव्य क्षाराने पालटते आणि म्हणून रंग गडद होतो. चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रीला द्रव्याचे नाव ठाऊक नव्हते, परंतु त्याचा स्वभाव पुरता ठाऊक होता.

पिण्याच्या पाण्याची रीत याहून वेगळी आणि अधिक काटेकोर. त्यात चुना नाही, तुरटी नाही. मूठभर पाकळ्या दोन-तीन पाण्यांनी धुवून मातीच्या भांड्यात संध्याकाळी भिजत घालावयाच्या. सकाळी हलक्या हाताने कुस्करून स्वच्छ फडक्यातून गाळावयाच्या. चवीपुरती खडीसाखर घालावयाची. चव किंचित तुरट, रंग मधासारखा. आयुर्वेदाने हे फूल शीतल, तहान व दाह शमविणारे मानले आहे. तथापि औषध म्हणून घ्यावयाचे तर जाणत्या वैद्यास विचारूनच घ्यावे. पळसाची बी, म्हणजे पळसपापडी, कृमींवर देतात, परंतु तिचे प्रमाण चुकले तर अपाय होतो. फूल आणि बी यांतला हा भेद जुन्या बायका आवर्जून सांगत.

१८५६ मध्ये विल्यम पर्किन याने पहिला कृत्रिम रंग तयार केला आणि कालांतराने पुडीतला रंग खेड्यापर्यंत आला. ही पुडी स्वस्त आणि सोयीची होती. तिला दोष देऊन भागणार नाही. मात्र फुले वेचणे थांबले, तसे वेचता वेचता सांगणेही थांबले. फूल कसे निवडावे, चुना कोणत्या पाण्यात चालतो आणि कोणत्या पाण्यात चालत नाही, हे कोणी शाळेत शिकविले नव्हते. ते आजीकडून नातीकडे जाई. रंगाची जागा पुडीने घेतली. पिण्याच्या पाण्याच्या रीतीची जागा कशानेच घेतली नाही. झाड शिवारात उभे आहे, फूल दरवर्षी येते; विरत चालले आहे ते ज्ञान.

ग्रंथालयाचे कार्य छापलेली पुस्तके सांभाळण्याचे आहेच. परंतु जे कधी छापलेच गेले नाही, त्याची नोंद कोणी ठेवावयाची? शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेने एक साधी वही घालावी. येत्या फाल्गुनात गावातील वृद्ध स्त्रियांकडे जावे, त्यांच्या शब्दांत, त्यांच्या बोलीत, 'पयस' हा उच्चार तसाच ठेवून, ही कृती उतरवून घ्यावी. दगड झेलणाऱ्या पळसाची ख्याती आपोआप टिकेल. तहान भागविणाऱ्या पळसासाठी मात्र कोणीतरी लेखणी हाती घ्यावी लागेल.