पाय कोणी धुवायचे?

आज एका साध्या कृतीबद्दल बोलू या. पाय धुणे.

उन्हातून चालत आलेल्या पाहुण्याच्या पायांवर पाणी घालायचे, ही आपली जुनी रीत. येशू ख्रिस्तांच्या देशातही ती होती. पण तिथे हे काम सहसा दासाचे असे. म्हणूनच शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुऊ लागले, तेव्हा पेत्राने आधी नकारच दिला. गुरूने असे खाली बसणे त्याला सहन होईना.

भागवतातला श्रीकृष्णही असाच. द्वारकेचा स्वामी, पण दारात आलेल्या गरीब मित्राचे, सुदाम्याचे पाय स्वतः धुतो. धर्मराजाच्या राजसूय यज्ञातही पाहुण्यांचे पाय धुण्याचे काम त्याच्याकडेच होते.

इस्लाममध्ये नमाजाआधी वुजू करताना बहुतेक जण आपले पाय घोट्यापर्यंत धुतात. मालक असो वा नोकर, नियम एकच.

२०१३ च्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते.

म्हणजे मोठा वाकला, की या पाण्याला अर्थ येतो. लहानच वाकत राहिला, तर ती नुसती रूढी उरते.

आपल्या अनेक लग्नांत अजूनही वधूपिता जावयाचे पाय धुतो. पुढच्या लग्नात जावयाने तांब्या हातात घेऊन म्हणावे, “बाबा, तुम्ही बसा.”