चाचणीचे माप स्थिर हवे



पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा परिसर आपणांस वाहन उद्योगाचे माहेरघर म्हणून परिचित आहे. येथील कोणत्याही यंत्रशाळेत कामगाराच्या हाताशी ‘गो-नोगो’ गेज असते. तयार भाग त्या गेजने तपासायचा, हा रोजचा शिरस्ता. परंतु कोणालाही न कळता गेजच रातोरात बदलले तर? भाग नापास झाल्यास दोष भागाचा की मापाचा, हे कोण सांगणार?

आज वाहनाच्या इंजिनावर आणि ब्रेकवरही संगणकाची आज्ञावली नियंत्रण ठेवते. आज्ञावलीत बदल झाला की तिची चाचणी संगणकच आपोआप घेतो. मात्र कोणतीही आज्ञावली संपूर्णपणे स्वतःची नसते. जगभरातील इतरांनी लिहिलेले अनेक तयार घटक तीत आणि तिच्या चाचणीच्या साधनांतही वापरलेले असतात. त्यांच्या नव्या आवृत्त्या सतत निघत असतात. ‘मिळेल ती नवी आवृत्ती चालेल’ अशी मोकळीक ठेवली, तर काल उत्तीर्ण झालेली चाचणी आज अनुत्तीर्ण होते आणि ज्याने एक ओळही बदललेली नाही, त्या अभियंत्यावर ठपका येतो.

जानेवारी २०२२ मध्ये असेच घडले. ‘कलर्स’ नावाच्या एका लहानशा घटकाच्या कर्त्याने स्वतःच नव्या आवृत्तीत न संपणारे आवर्तन घातले. मोकळीक ठेवणाऱ्यांची कामे अडली. आवृत्तीचा क्रमांक निश्चित करून ठेवणारे निर्धास्त राहिले.

म्हणून प्रत्येक घटकाचा नेमका क्रमांक नोंदवावा. घटकांच्या पोटातील घटकांचीही नोंद ‘लॉक फाईल’मध्ये ठेवावी आणि ती मूळ आज्ञावलीसोबतच जतन करावी. एवढ्यानेही भागत नाही. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हा अवघ्या ११ ओळींचा घटक त्याच्या कर्त्याने सार्वजनिक भांडारातून काढून घेतला आणि असंख्य प्रकल्प खोळंबले. नोंद होती, पण वस्तूच नव्हती! तेव्हा महत्त्वाच्या घटकांची प्रत स्वतःच्या कोठारात हवी.

मात्र निश्चित करणे म्हणजे गोठवणे नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या घटकातील गंभीर त्रुटी उघडकीस आली, तेव्हा जुन्या आवृत्तीला चिकटून राहणे हाच धोका ठरला. गेजची जशी ठराविक मुदतीने पडताळणी होते, तशी आवृत्तीही ठरवून बदलावी. एका वेळी एक घटक, चाचणी घेऊन आणि नोंद करून.

शिक्षक बंधुभगिनींनी विद्यार्थ्यांना प्रयोगवहीत आवृत्तीचा क्रमांक लिहिण्याची सवय लावावी. कार्यालयांनी आणि पंचायतींनी संगणक-प्रणाली स्वीकारताना तिच्या घटकांची क्रमांकांसह यादी मागून घ्यावी. माप स्थिर असेल, तरच चूक नेमकी कोठे झाली ते कळेल आणि निरपराध माणसावर विनाकारण दोष येणार नाही.