लाकडी पळी, काठवट आणि विजेची हत्यारे
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



पदवीचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु हाताला आलेले कसब हेही शिक्षणच होय. सावंतवाडीच्या लाकडी वस्तूंनी कारागिरांच्या पिढ्या पोसल्या, हे आपण जाणता. पळी, डाव, काठवट बनवून चार पैसे मिळवावेत असे ज्यांच्या मनात आहे, त्यांचा पहिला प्रश्न असतो : कोणते यंत्र घ्यावे? प्रश्न साधा आहे, पण त्यात पालकांची बचत आणि मुलाची बोटे, दोन्ही गुंतलेली आहेत.

माझे पहिले सांगणे असे की, यंत्राआधी वस्तूचा आकार पाहा. लेथवर फक्त गोल वस्तू उतरते. वाटी, गोल कटोरा करायचा असेल तर लेथ हवा. लांबट काठवट किंवा पळी लेथवर होत नाही. पळीला बाह्याकार कापण्यासाठी जिगसॉ, खोलगटपणासाठी गोल पटाशी आणि गुळगुळीत करण्यासाठी सँडर एवढे पुरते. पळीची खोली यंत्राने कोरण्यात फारसा वेळ वाचत नाही. शिवाय लहान वस्तू धरणे कठीण. म्हणून खोली कोरून होईपर्यंत दांड्यामागे जादा लाकूड ठेवा, म्हणजे ते शिकंज्यात पक्के आवळता येईल.

काठवटीसाठी मात्र अँगल ग्राइंडर उपयोगी पडतो. येथेच सर्वांत अधिक सावधगिरी हवी. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. हिशेब करा : चकतीची कड ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावते! म्हणून घेताना तीन गोष्टी पाहा. हात सोडताच बंद होणारे बटण असावे. दुसरा दांडा आणि संरक्षक कवच असावे. चकतीवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी नसावा. करवतीसारखे साखळीचे दाते असलेली चकती नवशिक्याने घेऊच नये. दाते लाकडात अडकताच यंत्र उसळून अंगावर येते. कार्बाइडच्या दाण्यांची चकती सावकाश चालते, पण ताब्यात राहते.

लेथवर हातमोजे, सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस चालत नाहीत. फिरता भाग ते क्षणात ओढून घेतो. डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे आणि नाकावर चांगला मास्क हवाच. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली कर्करोगकारक ठरवले आहे. घरातील अर्थिंग तपासून घ्या आणि गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच बसवा.

अन्नाला लागणाऱ्या वस्तूसाठी लाकूडही पारखून घ्या. आंबा, फणस, शिवण चालतील. काजऱ्यासारख्या विषारी झाडाचे लाकूड नको. आतून रंग न लावता जवसाचे तेल चोळावे. मात्र तेलाची फडकी गोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघडी पसरून वाळवा.

पालकांना माझी विनंती आहे. मुलाने हट्ट केला म्हणून एकदम महाग लेथ घेऊन देऊ नका. आधी एक पटाशी, एक कानस, एक शिकंजा द्या. त्याने हाताने दहा पळ्या केल्या की कोणत्या कामात वेळ जातो हे त्यालाच कळेल, आणि त्याच कामाचे यंत्र घ्यावे. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकाम शिकवले जात असेल तर चौकशी करा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कामावर शिकण्याचीही सोय आहे.

विद्यार्थी मित्रांनो, यंत्र हाताचे बळ वाढवते, कसब देत नाही. कसब आधी मिळवा. यंत्र त्याच्या मागून येऊ द्या.