पोटठेकेदाराचे काम

गावात शाळेची नवी खोली उभी राहू लागली, की आपण ठेकेदाराचे नाव विचारतो. पण खोली काही तो एकटा बांधीत नाही. वीटकाम एखाद्या गवंड्याने उक्ते घेतलेले असते, सेंट्रिंग दुसऱ्याकडे, सळई बांधणारी टोळी तिसऱ्याची, वायरिंग आणखी कोणाकडे. हेच ते पोटठेकेदार. अशी कामे अंगावर घेणारी तरुण मंडळी आपल्या गावांतून पुष्कळ आहेत. आजचे बोलणे त्यांच्यासाठी, आणि ज्या गुरुजींच्या देखत ही खोली बांधली जाते त्यांच्यासाठीही.

मी इंजिनियर नव्हे, कॉलेजात शिकवणारा माणूस. पण आमच्या गावच्या शाळेची एक खोली होताना मी जवळून पाहिली. सेंट्रिंगवाल्याने फळ्या ठोकल्या, सळईवाल्यांनी जाळी बांधली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माल पडू लागला. पंख्यांचे हुक? वायरमनला कोणी बोलावलेच नव्हते! महिन्याभराने तो आला आणि त्याने तयार स्लॅबला आरपार भोके पाडली. पावसाळ्यात नेमके तेथूनच पाणी ठिबकू लागले, नि मुले कोपऱ्यात दाटीवाटीने बसू लागली. दोष कोणाला द्याल? आपापले काम ज्याने त्याने चोख केले होते. आपल्या कामाखाली दुसऱ्याचे काम गाडले जाईल का, एवढे मात्र कोणी विचारले नव्हते.

म्हणून माल ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून एकदा वर चढून पाहावे. वायरमनने हुक आणि नळ्या मोजाव्यात. त्याच्या पायाखाली वरची सळई दबली असेल तर सळईवाल्याने ती उचलून पुन्हा बसवावी. खालची सळई फळीला टेकलेली नाही ना, हेही पाहावे. सेंट्रिंगवाल्याने टेकू हलवून बघावेत. अर्ध्या तासाचे काम आहे हो!

पुढची ओढाताण असते ती टेकू काढण्याची. सेंट्रिंगवाल्याचे पैसे फळ्यांत अडकलेले असतात आणि दुसरीकडचे काम त्याला बोलावीत असते. त्याची घाई मला समजते. पण २००० सालच्या भारतीय मानकात साध्या सिमेंटसाठी हिशेब दिला आहे: साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस. सहा मीटरपेक्षा लांब तुळई असेल तर तिच्याखालचे २१ दिवस. राखमिश्रित सिमेंट असेल तर इंजिनियरला विचारूनच हात लावावा. हे दिवस धरूनच सेंट्रिंगवाल्याने दर सांगावा. मागाहून कुरकुर नको.

आणि पाणी? स्लॅबवर पाणी कोणी मारायचे हे बहुधा कोणाच्याच उक्त्यात नसते. गवंडी म्हणतो ठेकेदार मारील, ठेकेदार म्हणतो गवंडी. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, आणि मिश्रित सिमेंट वा कोरडा उन्हाळा असेल तर निदान १० दिवस स्लॅब ओला राहिला पाहिजे. तेव्हा पाण्याचा माणूस आणि त्याची मजुरी काम घेतानाच ठरवून घ्या. गुरुजींनी फक्त स्लॅब पडल्याची तारीख भिंतीवर खडूने ठळक लिहून ठेवावी. मग कोणाला दिवस विसरता येत नाहीत!

पैशाची भांडणे तर मापावरच होतात. गिलाव्याचा दर ब्रासवर ठरतो, म्हणजे शंभर चौरस फुटांवर. पण दारे-खिडक्या वजा धरायच्या की नाही, हे कोणी बोलत नाही, आणि हिशेबाच्या दिवशी तोंडे फिरतात. हे एका कागदावर आधीच लिहून दोघांनी सही करावी. पायात गाडले जाणारे काम तर माती पडण्यापूर्वीच मोजून घ्यावे. उचल दिली-घेतली तीही त्याच कागदावर लिहावी, म्हणजे टोळीतल्या मजुराची हजेरी त्या वादात अडकत नाही.

आमच्या त्या शाळेची दुसरी खोली पुढे झाली. माल ओतण्याच्या आदल्या दिवशी वायरमनला मोटारसायकलवर बसवून आणायला सेंट्रिंगवाला स्वतः गेला होता.