लेकीचा प्रबंध आणि माझे बारा गुण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाचा मला सराव नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. चिटणीसबाईंनी माझे नाव घातले तेव्हा मी "नको" म्हणाले होते. पण माझ्या लेकीचा प्रबंध पुरा झाला तो तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या मदतीने. तेव्हा आभार मानायला तरी उभे राहिलेच पाहिजे.

लेक मानसशास्त्रात एम्. ए. करीत होती. प्रबंधाला तिने विषय घेतला 'गृहिणींचे मानसिक स्वास्थ्य'. मी म्हटले, "अगं, आम्हा बायकांच्या मनाचे काय लिहिणार? स्वयंपाक, धुणे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच!" ती नुसती हसली.

आधी कॉलेजच्या समितीची परवानगी लागते. कोणाचेही नाव लिहायचे नाही, नुसता क्रमांक; कोणी मध्येच "पुरे" म्हटले तर तिथेच थांबायचे. आणि एखादी बाई "जगावेसे वाटत नाही" म्हणाली तर तू काय करशील, असे तिला विचारले होते. त्याचे नीट उत्तर लिहून दिल्यावरच परवानगी मिळाली. तेव्हा मला उमगले, हा पोरखेळ नव्हे.

मग प्रश्न आले. तिने लिहिले होते, "आपणांस भावनिक आधार उपलब्ध आहे काय?" पहिल्याच घरी उत्तर मिळाले, "आहे ना, आधार कार्ड कपाटात आहे!" त्या रात्री आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. मी म्हटले, "असे विचार, मन भरून आले तर कोणाजवळ बोलता?" तेच ठेवले. पण माझेही एक चुकले. थकव्यासाठी मी "अंग मोडून येते का" असे सुचवले. मूळ प्रश्न न पाहिलेल्या एका शिक्षिकेकडून मराठीचे पुन्हा इंग्रजी करून घेतात, म्हणजे अर्थ सरकला की कळते. त्यात माझा थकवा तापाची कणकण होऊन परत आला! तो शब्द बदलला.

याशिवाय जगभर वापरतात ते नऊ प्रश्न होते. ते मराठीत तयारच मिळतात, त्यांतला शब्द बदलायचा नाही. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, उदासी कशी होती, ते सांगायचे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा अधिक आले तर डॉक्टरांना दाखवणे बरे. लेकीने सरावासाठी, हिशेबात न धरता, ते आधी मला विचारले.

माझे बारा आले.

सासूबाई गेल्यापासून मला पहाटे तीनला जाग येत असे. कशात जीव रमत नव्हता. वयाचे असेल म्हणून मी कोणाजवळ बोलले नव्हते, ह्यांच्याजवळही नाही. लेक म्हणाली, "आई, हा काही रोगाचा शिक्का नव्हे. पण डॉक्टरांकडे जायचे." डॉक्टरांनी रक्त आणि थायरॉईड तपासले. रक्त कमी निघाले, त्याच्या गोळ्या दिल्या आणि समुपदेशक बाईंकडे पाठवले. झोप हळूहळू परत आली.

पुढे मी एकदा तिला विचारले, "शेजारच्या काय म्हणाल्या गं?" ती म्हणाली, "आई, तुझे बारा मी कोणाला सांगितले का?" मी गप्प बसले. तुमची उत्तरे मलाही ठाऊक नाहीत, ही खात्री बाळगा. माझी मी आपखुशीने सांगते आहे.

तिच्या वाचनातली एक गोष्ट मला फार आवडली. आफ्रिकेत झिंबाब्वे देशात, हरारे शहरी, डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली चौदा आजीबाईंना शिकवून तयार केले. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून त्या लोकांची दुःखे ऐकतात. तिकडे या दुखण्याला 'फार विचार करणे' अशा अर्थाचा शब्द आहे. आपणही तेच म्हणतो ना? गोव्यातही डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या माणसांकडून असे काम करून घेतले. सरकारी दवाखान्यांत त्याचा गुण आल्याचे २०१० साली छापून आले.

म्हणून माझी एक सूचना आहे. भजनानंतर आपण अर्धा तास बसावे. उपदेश करायचा नाही, ऐकायचे. आणि ऐकलेले उंबऱ्याबाहेर न्यायचे नाही. ऐकावे कसे, हेही कोणा जाणत्याकडून शिकून घ्यावे. दुखणे मोठे असेल तर डॉक्टर आहेतच. सरकारने २०२२ साली सुरू केलेला 'टेली-मानस'चा फोन १४४१६ दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत. तो आकडा मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवावा.

प्रबंध बांधून कॉलेजात गेला, तोंडी परीक्षाही झाली. तुमची नावे त्यात नाहीत, पण तुमच्यावाचून तो झाला नसता.