घर घेण्यापूर्वी


कापड घेताना आम्ही व्यापारी त्याचा रंग पाण्यात टिकतो का, हे पाहतो. मुंबईत घर घेताना मी मात्र केवळ दर पाहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी फुगली आणि कुर्ल्यातील माझ्या तळमजल्यावरील घरात पाणी शिरले. मी काळबादेवीच्या पेढीवर अडकलो होतो. वृद्ध मातोश्रींना शेजाऱ्यांनी उचलून वर नेले.

म्हणून तरुणांना विनंती, वस्ती भर पावसात, भरतीच्या वेळी पाहावी. स्थानकापर्यंत स्वतः चालून पाहावे. जुन्या रहिवाशांना विचारावे. फरशी बदलता येते, सखल जमीन बदलता येत नाही. आणि चांगला शेजार लाभल्यास तो जपावा.