टिळक पतिपत्नींचा निर्णय
(महोत्सवी संमेलनात केलेले भाषण)



चालकांनी मला विषय दिला तो असा : बिकट निर्णयाच्या वेळी ख्रिस्ती मनुष्य देवाच्या मार्गदर्शनावर भरवसा कसा ठेवतो? मी मुसलमान, पेशाने मराठीचा शिक्षक. ख्रिस्ती धर्मशास्त्र सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' मी अनेकदा वाचले आहे, आणि या प्रश्नाचे उत्तर तेथे एका घरात, चुलीपाशी, सापडते असे मला वाटते. तेवढेच सांगतो.

१८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने जात होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांना 'नवा करार' दिला. टिळकांनी तो वाचला, त्यावर खल केला, पत्रव्यवहार करून शंका विचारल्या, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. मध्ये सुमारे दोन वर्षे गेली. देवाची प्रेरणा झाली म्हणून विचार करण्याचे काम काही संपले नाही. आमच्यात इस्तिखाऱ्याची नमाज असते. दोन रकात पढून अल्लाजवळ मागावयाचे, की हे काम हिताचे असेल तर सुकर कर, नसेल तर माझ्यापासून दूर कर. पुष्कळांची समजूत अशी की मग रात्री स्वप्न पडते आणि आपली सुटका होते! तसे नसते. विचारपूस आणि सल्लामसलत करावीच लागते.

टिळकांना वाट दिसली. पण घरी पत्नी होती आणि तीन-चार वर्षांचा दत्तू होता. लक्ष्मीबाई जलालपूरच्या गोखल्यांच्या. वडिलांचे सोवळे असे कडक, की बाजारच्या जिनसा धुतल्याखेरीज घरात यावयाच्या नाहीत. अशा मुलीवर हा घाव पडला. पतीला देवाने सांगितले म्हणजे आपल्यालाही सांगितले, असे त्यांनी मानले नाही. नातलगांच्या आधाराने, काही काळ पंढरपुरास, त्यांनी दिवस काढले. पुढे पतीजवळ राहावयास आल्या तेव्हाही सोवळे पाळीत आणि आपला स्वयंपाक निराळा करीत. टिळकांनी ते चालू दिले.

मला स्वतःला टिळकांच्या बाप्तिस्म्यापेक्षा हे चालू देणे अधिक मोलाचे वाटते. 'देवाने मला असे सुचविले' हे वाक्य घरात फार जड असते, आणि कर्त्या पुरुषाच्या तोंडी तर फारच. मुलीचे लग्न ठरवावयाचे असो की वडिलार्जित घर विकावयाचे असो, ते एकदा उच्चारले की बाकीच्यांनी बोलावे कसे? विरोध केला तर तो जणू देवालाच होतो. हे ख्रिस्ती घरातच घडते असे नाही. तुमच्या-आमच्या घरांतही घडते.

राहुरीस असताना लक्ष्मीबाई एकदा एकट्याच विचार करीत बसल्या. जातिभेद देवाने केला की माणसाने? माणसाने, असे मनाने घेतले, आणि त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीनंतर पाच वर्षांनी, आणि स्वतःच्या पायांनी चालत.

या भरवशात सुखाची हमी मात्र नाही. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली, मग पित्याच्या इच्छेवर सोपविले. प्याला काही टळला नाही. टिळकांनीही पंचावन्नी उलटल्यावर, १९१७ साली, मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' मांडला. १९१९ साली ते वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' काव्य अपुरे राहिले होते. त्याचे बहुतेक अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेत न गेलेल्या, चुलीपुढे निराळी पंगत मांडणाऱ्या त्याच लक्ष्मीबाईंनी.